नासाला बाहेर बसवा, मग साडूंशी बोला

प्रश्न: माणूस खरंच चंद्रावर गेला होता का? आमचे साडू फॅमिली ग्रुपवर रोज एक व्हिडिओ टाकतात. झेंडा फडकतोय, आकाशात एकही तारा नाही, सावल्या वाकड्यातिकड्या. "सगळं स्टुडिओत झालंय" म्हणतात. त्यांना काय उत्तर द्यावं?

गेला होता. एकदा नाही, सहा वेळा उतरला. जुलै १९६९ ते डिसेंबर १९७२ या काळात बारा माणसं चंद्रावर चालून आली. मधली एक खेप, अपोलो १३, वाटेत ऑक्सिजनची टाकी फुटल्यामुळे न उतरताच परत फिरली. सगळं नाटकच होतं तर त्यात एक फसलेला प्रयोग कशाला घातला, असं साडूंना विचारून बघा. "खरं वाटावं म्हणून" असं उत्तर येईल. या मंडळींशी वाद घालायचा म्हणजे हे असंच असतं. मोहीम यशस्वी झाली तर खोटी, आणि फसली तर जास्तच खोटी.

म्हणून आधी एक सूचना. नासाची वकिली करत बसू नका. "नासाच्या वेबसाइटवर लिहिलंय की" अशी सुरुवात केलीत की संपलं, कारण साडूंच्या लेखी आरोपी तीच आहे आणि आरोपीने स्वतःच्याच बाजूने दिलेली साक्ष कोण धरतो? नासाला खुशाल बाहेर बसवा. बाकीचे साक्षीदार पुष्कळ आहेत. त्यातले काही तर कुलाब्यात बसून काम करत होते. तिकडे येतोच.

त्याआधी फोटो, कारण तो माझा धंदा. लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं आणि हल्ली प्री-वेडिंग नावाचा छळ यांवर माझं घर चालतं. चंद्राशी संबंध कोजागिरीपुरता. पण ज्याने आयुष्यात एकदा तरी कॅमेरा मॅन्युअलवर टाकून चंद्राचा फोटो काढलाय, त्याला "तारे कुठे गेले?" हा प्रश्न पडत नाही. यंदाच्या कोजागिरीला दूध आटेपर्यंत तुम्हीच करून बघा. ट्रायपॉड लावा, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर ११, शटर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. चंद्र झकास येईल, त्यावरचे डागसुद्धा दिसतील. आणि आकाश ठार काळं. आता तारे यावेत म्हणून आयएसओ वाढवून शटर पाच-दहा सेकंद उघडं ठेवा. तारे येतील, पण चंद्राचा पांढराफेक गोळा होईल. एकाच फ्रेममध्ये दोन्ही सरळपणे मिळत नाहीत. मिळाले तर समजावं की नंतर कॉम्प्युटरवर कुणीतरी हात मारलाय. (आम्ही मारतो. पार्टीला आवडतं.)

अपोलोची माणसं चंद्रावर उतरली ती तिथल्या सकाळी. ऊन पडलेलं, जमीन उजळलेली, अंगात पांढरे सूट. त्यांच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यांचं शटर साधारण अडीचशेव्या भागावर आणि अ‍ॅपर्चर ५.६ ते ११ च्या मध्ये असायचं. एवढ्या उघडझापीत तारा फिल्मवर उमटत नाही, मग तो चंद्रावरून दिसो नाहीतर दादरवरून. त्या फोटोंत तारे दिसले असते तर साडूंच्या आधी मीच म्हणालो असतो की हे स्टुडिओत झालंय. ज्यांना तारेच टिपायचे होते त्यांनी त्याची सोयही केली होती. अपोलो १६ बरोबर जॉर्ज करुथर्स या शास्त्रज्ञाने बनवलेला अतिनील किरणांचा कॅमेरा गेला होता. तो यानाच्या सावलीत उभा करून जास्त वेळ उघडा ठेवला, आणि त्याने तारे टिपले.

सावल्यांचा मुद्दा त्याहून सोपा. सावल्या एका दिशेने पडत नाहीत, म्हणजे दिवे एकापेक्षा जास्त होते, असं म्हणतात. वानखेडेवर रात्रीची मॅच बघा. दिवे जास्त असले की सावल्यांच्या दिशा बदलत नाहीत, सावल्यांची संख्या वाढते. एकेका खेळाडूच्या पायाशी तीन-चार फिकट सावल्या पडलेल्या असतात. चंद्रावरच्या फोटोंत प्रत्येकाला एकच सावली आहे, तीही गडद. ती वाकडी दिसते कारण जमीन खड्ड्याखुड्ड्यांची आहे आणि लेन्स बऱ्यापैकी रुंद. संध्याकाळच्या उन्हात रांगेने उभ्या असलेल्या विजेच्या खांबांचा फोटो काढा, हाच चमत्कार तुमच्या गावात घडेल.

आता जी गोष्ट मला फोटोग्राफर म्हणून सगळ्यात पटते, ती या व्हिडिओंत कधीच नसते. अपोलो ११ च्या चंद्रावरच्या स्थिरचित्रांत नील आर्मस्ट्राँगच जवळजवळ नाही! बराच वेळ कॅमेरा त्याच्याकडे होता. आपण सगळे जो जगप्रसिद्ध फोटो बघतो, समोर तोंड करून उभा अंतराळवीर, तो बझ ऑल्ड्रिन. आर्मस्ट्राँग त्याच्या काचेत बारीकसा दिसतो. चंद्रावर पाऊल ठेवणारा पहिला माणूस पूर्ण दिसतो तो यानाशी पाठमोरा काम करताना, तेही ऑल्ड्रिनने आजूबाजूची दृश्यं टिपताना तो फ्रेममध्ये आला म्हणून. फोटोग्राफरचा स्वतःचा फोटो नसतो हे आमच्या धंद्यातलं जुनं दुःख आहे, ते चंद्रावरही चुकलं नाही. कोट्यवधी डॉलर घालून सेट उभारणाऱ्या कुठल्या दिग्दर्शकाने नवरदेवाचाच फोटो काढायचा ठेवला असता? आणि तो ऑल्ड्रिनचा प्रसिद्ध फोटोसुद्धा मुळात वर कापलेला आहे. डोक्याच्या वर फ्रेम लगेच संपते. छापताना वर काळी पट्टी जोडून तो देखणा केला गेला. कॅमेरा छातीवर बसवलेला, डोळ्याला लावायची सोय नाही, हातात जाडजूड मोजे. असं काम करणाऱ्याच्या फोटोंत जेवढे तिरके, कापलेले, हललेले निघायला हवेत तेवढे निघालेत. छापून आले ते फक्त चांगले. माझ्या अल्बमचंही तेच आहे.

झेंड्यावर फार वेळ घालवू नका. त्याच्या वरच्या शिवणीतून आडवी दांडी ओवलेली होती, कारण हवा नाही म्हटल्यावर झेंडा लटकणार हे त्यांनाही कळत होतं. अपोलो ११ ला ती दांडी पूर्ण बाहेर सरकलीच नाही, म्हणून कापडाला चुण्या राहिल्या आणि त्या फडकल्यासारख्या दिसतात. खांब फिरवून रोवताना कापड हलतं, हात सोडल्यावर काही वेळाने थांबतं आणि मग फोटोंमागून फोटोंत त्याच चुण्या तशाच्या तशा. खांब जमिनीत धड गेलाही नव्हता. परत निघताना इंजिनाच्या झोताने तो आडवा झालेला ऑल्ड्रिनने पाहिला.

हवेचंच काढलंय तर साडूंना नंतरच्या मोहिमांमधल्या गाडीचं चित्रण दाखवा. अपोलो १५, १६ आणि १७ ला चंद्रावर गाडी नेली होती. चाकांमागून उडणारी धूळ नीट बघायला सांगा. आपल्याकडे एसटी कच्च्या रस्त्याने गेली की धुळीचा लोट मागे तरंगत राहतो, मागच्या दुचाकीवाल्याला विचारा. त्या चित्रणात लोट नाही. प्रत्येक कण वर जातो, कमान करतो आणि सरळ खाली येतो. पृथ्वीवर हे करायचं तर आख्ख्या स्टुडिओतली हवा उपसून काढावी लागेल, आणि मग आत काम करणाऱ्यांना अंतराळवीरांचेच सूट द्यावे लागतील. तेव्हाच्या टीव्हीच्या स्लो मोशन यंत्रात साधारण अर्ध्या मिनिटाचं चित्रण मावायचं. अपोलो ११ चा फेरफटका अडीच तास चालला.

पृथ्वीभोवतीच्या व्हॅन अ‍ॅलन पट्ट्यांतल्या किरणोत्साराने माणसं मेली असती, हा पुढचा व्हिडिओ असेल. काही तासांत, कडेच्या विरळ भागातून त्या ओलांडल्या. संपूर्ण प्रवासात प्रत्येकाला मिळालेली मात्रा फार तर एखाद्या सीटी स्कॅनच्या आसपास. पुढे चला.

आता नासाबाहेरचे साक्षीदार. पहिला सोव्हिएत रशिया, ज्याला हे खोटं ठरावं अशी साडूंपेक्षाही जास्त इच्छा होती. अपोलो ११ चंद्राजवळ होतं त्याच दिवसांत त्यांचं लुना १५ हे विनामानव यान तिथे घिरट्या घालत होतं. अमेरिकेआधी माती घेऊन परत यायचं, असा बेत. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावरच असताना, त्यांच्या उड्डाणाच्या जेमतेम दोन तास आधी, ते तिथे कोसळलं. इंग्लंडमधल्या जोड्रेल बँकच्या दुर्बिणीवर दोन्ही यानांचे संदेश ऐकले जात होते. ज्या देशाचं यान त्याच वेळी तिथे हजर होतं, त्याला समोरच्याचं नाटक कळलं नसतं? आणि कळल्यावर तो देश गप्प बसला असता? पुढे १९७० साली रशियाच्या लुना १६ ने खरोखर माती आणली. १०१ ग्रॅम. अपोलोने सहा खेपांत आणली ३८२ किलो. १९७१ मध्ये दोन्ही देशांनी आपापल्या नमुन्यातले काही ग्रॅम एकमेकांना दिले. तपासणाऱ्यांनी तपासले. बोंब कुणी मारली नाही.

दुसरा साक्षीदार कुलाब्याचा. चंद्राच्या खडकांचे तुकडे जगभरच्या प्रयोगशाळांना वाटले गेले, त्यात मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था होती. देवेंद्र लाल यांच्या गटाने तिथे या खडकांतल्या खनिजकणांचा अभ्यास केला. त्या गटातले व्ही. एस. वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे संचालक झाले. अनेक मुंबईकरांनी शाळेच्या सहलीत ते तारांगण पाहिलं असेल.

काय बघत होते हे लोक? अवकाशातून येणारे जड अणुकेंद्रक, लोहाचे वगैरे, खडकातल्या स्फटिकात घुसतात आणि आपल्या वाटेवर अतिसूक्ष्म इजा करून ठेवतात. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही. स्फटिक घासून गुळगुळीत करायचा आणि रसायनात ठेवायचा. इजा झालेली जागा आधी विरघळते, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रेघा दिसू लागतात. त्या मोजायच्या. पृष्ठभागाजवळ त्यांची दाटी, आत जावं तशा विरळ. त्यावरून तो दगड उघड्या अवकाशात किती काळ पडून होता याचा हिशेब लागतो, आणि तो लाखो-कोटी वर्षांत निघतो. पृथ्वीवरच्या दगडात अशा रेघा या तऱ्हेने येत नाहीत, कारण वर वातावरणाचं जाड पांघरूण आहे.

इथे ग्रुपवरचा एखादा जास्त वाचलेला सदस्य म्हणेल की ते दगड अंटार्क्टिकातून वेचून आणलेल्या उल्का होत्या. रॉकेटतज्ज्ञ व्हेर्नर फॉन ब्राउन १९६७ च्या सुमारास अंटार्क्टिकाला गेले होते हेही खरं आहे. पण उल्का हवेतून येताना तिची वरची साल जळून वितळते, आणि सूर्याकडून आलेल्या कणांच्या दाट रेघा नेमक्या त्याच सालीत असतात. वर सालीची गोष्ट सोडली तरी, चंद्रावरून आलेली म्हणून ओळखली गेलेली पहिली उल्का अंटार्क्टिकात सापडली १९८२ साली. ओळखली कशावरून? अपोलोच्या दगडांशी ताडून. तेव्हा साडूंना सरळ विचारा की कुलाब्यातली आपली माणसं मूर्ख होती की फितूर? या प्रश्नावर ग्रुपमध्ये जरा शांतता पसरते असा माझा अनुभव आहे. अमेरिकेला खोटारडं म्हणायला काही लागत नाही, आपल्या माणसांना म्हणताना जीभ अडखळते.

तिसरी साक्षीदार इस्रो. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम उतरलं तेव्हा साडूंनी तिरंग्याचं स्टेटस ठेवलं होतं ना? ठेवलंच असणार. मग त्याच इस्रोच्या चांद्रयान-२ च्या कक्षेतल्या यानावर पाव मीटरच्या आसपासचा बारकावा टिपणारा कॅमेरा आहे, आणि त्याने अपोलो ११ च्या जागेचा फोटो काढलाय. यानाचा खालचा भाग तिथेच उभा आहे. तोही खोटा म्हणायचा तर तिरंग्याचं स्टेटस काढायला लागेल.

आपल्या बाजूचेही काही पुरावे लंगडे असतात, ते वापरू नका. चंद्रावर ठेवलेल्या आरशांवरून लेसर परत येतो, हा मुद्दा हमखास मांडला जातो. आरसे आहेत, लेसर येतो, चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर लांब जातोय हे त्यावरूनच मोजतात. पण आरसा ठेवायला माणूस लागत नाही. रशियाच्या लुनोखोद गाड्यांवर तसे होते, आणि आपल्या विक्रमवरही नासाने दिलेला एक छोटा आहे. साडू हुशार निघाले तर इथेच तुम्हाला पकडतील.

नासाची फजिती झालेली प्रकरणंही आपणच आधी सांगून टाकलेली बरी. अपोलो ११ च्या थेट चित्रणाच्या मूळ टेप नासाने नंतर पुसून पुन्हा वापरल्या. होय, पुसल्या. जगभर प्रक्षेपित झालेल्या प्रती शिल्लक आहेत, पण सर्वांत चांगल्या दर्जाचं मूळ गेलं. यात साडूंना कट दिसतो. मला सरकारी स्टोअरकीपर दिसतो, ज्याच्याकडे टेपचा तुटवडा आहे आणि वरून रोज मागणी येतेय. दुसरं प्रकरण नेदरलँड्सचं. तिथल्या राइक्स म्युझियममध्ये चंद्राचा म्हणून जपलेला दगड २००९ मध्ये तपासला, तर ते जीवाश्म झालेलं लाकूड निघालं. एका माजी पंतप्रधानांना अमेरिकेच्या राजदूताकडून १९६९ साली मिळालेली ती भेट होती. देताना नेमकं काय सांगितलं आणि ऐकणाऱ्याने काय ऐकलं हे देवाला ठाऊक. पण तो दगड तपासणाऱ्याला लगेच कळला, हे लक्षात घ्या. बाकीचे ३८२ किलो इतकी वर्षं तपासूनही तसं कुणाला काही सापडलेलं नाही.

साडूंचा माल तसा जुनाच आहे. बिल केसिंग नावाच्या गृहस्थाने १९७६ साली स्वखर्चाने एक पुस्तक छापलं, तिथून ही गंगा निघाली. रॉकेटची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत तो तांत्रिक लेखन करायचा, आणि ती नोकरी त्याने चंद्रावर कुणी जायच्या सहा वर्षं आधीच सोडली होती. २००१ मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीने या सगळ्यावर कार्यक्रम केला. आज मराठी आवाज चढवून फिरणाऱ्या व्हिडिओंत त्यातलेच मुद्दे असतात. आणि स्टुडिओ वगैरे ठीक आहे, पण महाराष्ट्रात तेव्हा टीव्हीच नव्हता! मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे शेवटच्या चांद्रमोहिमेच्या दोन महिने आधी. आपल्या आजोबांनी आर्मस्ट्राँगला रेडिओवर ऐकलं आणि पेपरात पाहिलं. आपल्याला फसवायला सेटचा खर्च करायची गरजच नव्हती.

गुपित टिकण्याचा हिशेबही एकाने केलाय. डेव्हिड ग्राइम्स या भौतिकशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये गणित मांडलं की नासाच्या ऐन भरातल्या ४,११,००० माणसांना हे गुपित ठाऊक असतं तर ते चारेक वर्षांत फुटलं असतं. मला तर चार वर्षंही जास्त वाटतात. आमच्या आळीत मुलगी बघायला कोण येऊन गेलं हे चहाचे कप विसळायच्या आत तिसऱ्या घरी पोचतं.

पण मला खरी खात्री पटवली ती दोन कागदांनी. पहिला, कस्टमचा. चंद्रावरून परतलेल्या तिघांच्या सहीचा होनोलुलूचा जकात फॉर्म आहे. कुठून आलात: चंद्र. सोबत माल काय: चंद्रावरचे दगड आणि धूळ. रोग पसरण्यासारखं काही आहे का: ठरायचं आहे. हा फॉर्म बराचसा गमतीचा होता हे मान्य. दुसरा कागद मात्र अस्सल: ऑल्ड्रिनचं टीए बिल. ह्यूस्टनहून केप केनेडी, तिथून चंद्र, चंद्रावरून पॅसिफिक महासागर, मग हवाई आणि परत ह्यूस्टन. वाहन: सरकारी अंतराळयान. मंजूर रक्कम ३३ डॉलर ३१ सेंट, कारण राहण्या-जेवणाची सोय सरकारी होती. ज्याने कधी सरकारी खात्यात प्रवासभत्त्याचं बिल लावलंय तो हा कागद बघून दुसरा पुरावा मागणार नाही. असलं काही पटकथाकाराला सुचत नाही.

"मग पुन्हा का नाही गेले?" हा साडूंचा ठेवणीतला बाण. पैसे संपले. १९६६ च्या सुमाराला अमेरिकेच्या केंद्रीय खर्चातला चार टक्क्यांहून जास्त वाटा नासाला जात होता, आता अर्धा टक्काही जात नाही. रशियाला हरवायचं होतं, हरवलं, मतदारांचा रस संपला. अपोलो १८, १९ आणि २० ठरलेल्या होत्या, त्या १९७० मध्येच रद्द झाल्या. तेनसिंग आणि हिलरी एव्हरेस्टवर १९५३ साली चढले, म्हणून ते दरवर्षी जात नव्हते.

राहता राहिला नात्याचा प्रश्न. सासुरवाडीत साडूंना सगळ्यांसमोर गप्प करणं परवडत नाही, मेहुणीचा फोन बायकोला येतो. ग्रुपवर लिहू नका, वेगळं बोला. एका वेळी एकच मुद्दा घ्या आणि तो संपेपर्यंत झेंड्यावरून सावल्यांवर उडी मारू देऊ नका. मी तर कुलाब्यापासूनच सुरुवात करेन.

आणि ऑल्ड्रिनचा उपाय करू नका. सप्टेंबर २००२ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या एका हॉटेलबाहेर बार्ट सिब्रेल नावाचा एक माणूस त्याच्या मागे लागला. बायबलवर हात ठेवून शपथ घे म्हणाला, भित्रा आणि खोटारडा म्हणाला. ऑल्ड्रिन तेव्हा ७२ वर्षांचा. त्याने सिब्रेलच्या तोंडावर एक ठोसा ठेवून दिला. व्हिडिओ आहे. सरकारी वकिलांनी खटला भरायला नकार दिला. तुम्ही चंद्रावर जाऊन आलेले नाही, तुमच्यावर भरतील.